पेरून पंढरीला

डोक्यावरची चुंबळ नीट करा. घमेलं भरून देणारा गडी तुमच्यासाठी थांबायचा नाही. मागे बायाबापड्यांची रांग लागली आहे. 1973 सालचा वैशाख चालू आहे. औशाच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालंय आणि त्याच्या भरावावर तुम्ही सकाळपासून माती टाकताय. लातूर अजून जिल्हा झालेला नाही, त्याला 16 ऑगस्ट 1982 उजाडावं लागेल. आत्ता हा सगळा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात मोडतो. मुकादमाच्या काखेत मस्टर आहे, त्यात तुमचं नाव चढलंय, आणि मागच्या आठवड्याचा पगार अजून वाटलेला नाही.

दुपारी सुकडी वाटतात. ओंजळीत पडते ती गोडसर कोरडी भुकटी. पाण्याच्या घोटाशिवाय ती घशाखाली उतरत नाही, आणि पाणी लांबून आणलेलं, मोजून मिळणारं. संध्याकाळी भाकरी मिळेल ती मिलोची, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीची. थापताना तिचे काठ फाटतात, खाताना घास तोंडात फिरत राहतो, तरी कुणी नाव ठेवत नाही. या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं आहेत. खडी फोडतात, रस्ते करतात, नाले बांधतात. ज्यांच्या घरी कालपरवापर्यंत सालगडी होते, त्यांच्या सुनाही डोक्यावर पदर ओढून रांगेत उभ्या आहेत. पाण्याचे रांजण मात्र भरावावरही दोन ठेवलेत, जातीप्रमाणे. दुष्काळानं एवढं सगळं मोडलं, ते मोडलं नाही. इथवर आलाच आहात तर तेही पाहून घ्या.

तुम्ही उतरलात ते घर आबांचं. साठीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, दोन एकर कोरडवाहू. जोडीतला एक बैल चाऱ्यावाचून कवडीमोलानं विकला, दुसरा दावणीला आहे, त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात असा. औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन आबा लहानपणापासून ऐकत आलेत आणि कळत्या वयापासून त्यांची आषाढी चुकलेली नाही. रझाकारांच्या वर्षी आडमार्गानं, रात्रीचं चालून बार्शी गाठली होती, असं घरातली आज्जी सांगते.

हा माणूस आळशी असता तर मी तुम्हाला त्याच्या दारात आणलंच नसतं. पगार तुंबला तेव्हा औशाच्या तहसीलवर गेलेल्या मोर्चात आबा पुढे होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ‘देवावर हवाला ठेव’ असं भरल्या पोटानं उपाशी माणसाला सांगण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे, आणि तिच्याइतकी देवाची बदनामी दुसऱ्या कशानं झाली नसेल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यानं उचलली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्याच्या मागे अशा भरावांवरची माणसं होती, हातात टाळ धरणारी आणि वेळ आली की तहसीलदाराच्या दारात बसणारी.

रात्री आज्जी चुलीजवळच्या कोपऱ्यातलं एक मडकं तपासते. त्याच्या तोंडाला फडकं बांधून वर शेणामातीनं लिंपलेलं आहे. ती लिंपण फोडत नाही. कुठे भेग गेली आहे का ते बोटानं चाचपते आणि सापडली तिथे ओली माती दाबते. आत राखेत घोळलेली तूर आहे, मूग आहे, मध्ये कडुनिंबाचा वाळला पाला. हे बीसुद्धा घरचं नाही. गेल्या वर्षी शेतातून काही आलंच नाही, तेव्हा ते सवाईवर आणलेलं. पायली घेतली तर सुगीला सव्वा पायली परत. पलीकडे धाकटा नातू किरकिर करत करत झोपी गेलाय. तुम्हाला राहवत नाही.

“आज्जी, यातले मूठभर मूग शिजवले तर?”

आज्जी रागावत नाही. “ते आपलं न्हाई लेकरा,” ती म्हणते. “मिरगाचं हाय.”

पुढे काही सांगत नाही. तुम्ही वाट बघता, की आता ती देवाचं नाव काढेल, चार शब्द समजुतीचे बोलेल. ती हात धुते आणि अंथरूण टाकते. श्रद्धेबद्दल कीर्तनात, पुस्तकात जे काही ऐकलं-वाचलं असेल ते घटकाभर बाजूला ठेवा आणि या मडक्याला हात लावून पाहा. लिंपण ओलं लागेल.

मृग निघतो. पहिले चार-सहा दिवस नुसतं वारं, आभाळ येतं आणि पांगतं. मग एका दुपारी पाऊस येतो, बरा येतो, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर तांबडे मखमली किडे दिसतात. आबा मूठभर माती उचलून दाबतात, सोडतात. ढेकूळ फुटून मोकळं होतं. वाफसा आला. आबांचा एक बैल, शेजाऱ्याचा एक बैल, अशी सावड होते. तिफणीच्या चाड्यावर आज्जी. तिच्या मुठीतून दाणे सुटतात ते बघण्यासारखं आहे: मूठ बंदच दिसते, करंगळीखालून दाण्यांची धार पडत राहते, तिन्ही नळ्यांत सारखी. वेणीसारखी सरळ ओळ मागे उमटत जाते. संध्याकाळी मडकं पालथं घातलं जातं.

आता तुमच्याकडची गोष्ट. या शिवारात कुणालाच माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे. 1973 चा पावसाळा दुष्काळ मोडणार आहे. ते तुम्ही वाचलेलं आहे. तुम्हाला निवांत झोप लागायला हवी.

नाही लागत. मूग दोन पानांवर येतो आणि पाऊस थांबतो. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दुपारी रोपं माना टाकतात, पहाटे पुन्हा उभी राहतात, आणि रोज थोडी कमी उभी राहतात. तुम्ही अंगणात पडून हिशोब करता: अजून किती दिवस तग धरेल, दुबार पेरणीला बी कुठून, सवाईवर सवाई म्हणजे किती. साल चांगलं गेलं हे खरं, पण ती नोंद राज्याची. या दोन एकरांवर कोणत्या दिवशी किती पाऊस पडला, ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. भविष्य माहीत असूनही तुम्हाला हवं ते नेमकं माहीत नाही. माणसाला कितीही कळलं तरी त्याची काळजी नेहमी त्याच्या पलीकडच्या इंचावर जाऊन बसते. आबा शेजारी घोरतायत.

सकाळी आबा पडशी भरायला लागतात. ज्येष्ठाचा वद्य पक्ष लागलाय, दिंडी निघायची.

“आबा, पीक सुकत चाललंय. आत्ता कसं जायचं?”

“मी हितं बसून पाणी पडलालंय का?”

“तसं नाही, पण कुणीतरी लक्ष द्यायला...”

“लेक हाय की. त्याला सांगितलंय, ताण पडला की कोळपं हाण. भेगा बुजल्या की ओल टिकती. दोनदा हाण म्हटलंय.” पडशीची गाठ मारून ते वर बघतात. “त्याच्याफुडचं माझ्याकडं न्हाई. जे माझ्याकडं न्हाई ते मी कामून धरून बसू?”

हे वाक्य ऐकायला सोपं आहे. चालायला लागल्यावर कळतं. मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची वाट. दिंडीत वीणा पुढे, टाळकरी दोन ओळींत, आणि तुम्ही शेवटी, सारखे मागे वळून औशाच्या बाजूचं आभाळ बघत. निरोप यायची सोय नाही. खिशात हात जातो, तिथे फोन नाही. ही रिकाम्या खिशाकडे जाणारी बोटं नीट लक्षात घ्या. या वाटेवर तुमच्याइतकं दमलेलं दुसरं कुणी नाही, आणि तुमच्या पडशीत सगळ्यात कमी ओझं आहे.

येडशीला रामलिंगाच्या रानात सावली मिळते. पाय सुजलेत. तुम्ही आबांना विचारता ते तुम्हाला खरोखरच विचारायचं आहे, आपल्या घरच्या, नोकरीच्या, मुलाबाळांच्या प्रश्नांसाठी विचारायचं आहे: देव वाट दाखवतो म्हणतात, ती कळते कशी?

आबा चुना मळत बसलेत. “मला काय आयकू येतंय व्हय?” ते हसतात. “आवाज न्हाई, काय न्हाई. मी आपला हरिपाठ म्हणतो आन् गप बसतो. मग पयलं काम कोणतं ते दिसतंय. दुसरं दिसत न्हाई. पयलं दिसतंय.”

“आणि ते त्यानंच दाखवलं, आपल्या मनाचे खेळ नाहीत, हे कशावरून?”

ते बराच वेळ काही बोलत नाहीत. तंबाखूची चिमूट दाढेखाली जाते. “भेव असतंय न्हवं, ते धा कामं सांगतंय एकदम. हे कर, ते कर, हितं पळ, तिकडं पळ. त्यो एकच सांगतोय. आन् ते बहुतेक करून आपल्याला नको असलेलंच असतंय.”

मोर्चाला जाणं त्यांना नको होतं, हे मग कळतं. तहसीलदाराची भीती वाटत होती. पण त्या दिवशी हरिपाठ झाल्यावर तेवढंच दिसलं, म्हणून गेले. मडकं लिंपून ठेवणंही नकोच वाटत होतं, नातू रडत असताना.

बार्शीला भगवंताच्या देवळापाशी मुक्काम पडतो. कुर्डुवाडीच्या अलीकडे पाऊस गाठतो, चांगला झोडपतो. दिंडी नाचते. तुम्हीही भिजता, पण मनात लगेच येतं, हा औशाला असेल का? सुख हातात आलेलं असताना ते दुसऱ्या गावी असल्याची शंका घेणं, ही सवय तुम्ही आजच्या काळातून सोबत आणली आहे.

पंढरपूरला दर्शनाच्या रांगेत तास न् तास जातात. पायांवर डोकं ठेवायला एक क्षण मिळतो, की लगेच बडव्याचा हात खांद्यावर. तुम्ही मागण्यांची यादी तयार ठेवलेली होती. बाहेर आल्यावर आबांना विचारता, काय मागितलंत? पावसाचं मागितलंत ना?

“मागायचं ध्यानातच न्हाई आलं,” आबा म्हणतात. त्यांचे डोळे भरलेत. “बघितलं, आन् झालं.”

मी या एका उत्तरासाठी तुम्हाला एवढं चालवत आणलंय. वर्षभर उपास काढलेला माणूस मागायचं विसरतो, ते त्याला गरज नाही म्हणून नव्हे. ज्याच्याकडे मागायचं तो आहे, हे दिसल्यावर त्याची गरज तेवढ्यापुरती भागली. यावर वाद घालता येईल. अनुभव म्हणून तो खोटा ठरवता येणार नाही.

काल्याचा प्रसाद घेऊन परतीला आगगाडी. अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट. पंढरपूरचा फाटा 1906 चा, कुर्डुवाडी-बार्शीवरून रूळ लातूरपर्यंत पोचले ते 1911 मध्ये. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे लागतात. वारकरी टपावर, दांडीला, दोन डब्यांच्या मध्ये. कुणीतरी टाळ काढतो आणि चाकांच्या ठेक्यावर भजन चढतं. घाट चढताना गाडी धापा टाकते. लातूरला उतरता तेव्हा रात्र झालेली असते. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर सामसूम, अडतीच्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या. तिथून चालत औसा.

उजाडताना शेत दिसतं. अर्धा मूग गेलाय. वरच्या अंगाला, जिथे मुरमाड आहे, ओळीच्या ओळी करपून मोकळ्या पडल्यात. खालच्या अंगाचा तगलाय आणि तूर मात्र सगळी उभी आहे. लेकानं दोनदा कोळपलेलं दिसतंय. पाऊस आला होता, पण वरच्या तुकड्यापुरता उशिरा.

तुम्ही आबांच्या चेहऱ्याकडे बघता. तुम्हाला चमत्कार हवा होता, किंवा मग उलट, त्यांचा हवाला फसलेला बघायचा होता. दोन्हीपैकी काही मिळत नाही. आबा मोकळ्या पडलेल्या ओळींतून चालत जातात, एका जागी बसतात, माती बघतात. वाईट वाटलंय, ते लपवत नाहीत. मग लेकाला म्हणतात, “हितं हुलगा टाकू. वखत हाय अजून.” आणि हुलगा कुणाकडे मिळेल ते विचारायला पडशीही न उतरवता तसेच वळतात.

आता वीस वर्षं पुढे या. इथूनच परत फिरलो असतो तर हा प्रवास अप्रामाणिक ठरला असता, कारण लातूरच्या मातीत देवावर भरवसा हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात एकच गाव उभं राहतं.

किल्लारी. 1 ऑक्टोबर 1993. मी तुम्हाला मुद्दाम उशिरा आणलंय. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांच्या आधी आणलं असतं, तर तुम्ही दारोदार ओरडत सुटला असता. गणपती बोळवून माणसं झोपली होती. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, वर माळवद, त्यावर दरसाल चढवलेला मातीचा थर. भूकंपात ते सगळं क्षणात अंगावर आलं. तेरणेच्या काठची 52 गावं भुईसपाट झाली, माणसं हजारोंनी गेली. पाऊस चालू आहे. जवान ढिगारे उपसतायत. सरणाला लाकूड पुरत नाही, एकेका चितेवर किती जण ते कुणी विचारत नाही. इथे फार वेळ एका जागी उभे राहू नका; कुणाच्या तरी घरावर उभे असाल.

लामजन्याच्या बाजूनं एक टेम्पो येतो. चालवणारा म्हणजे तो किरकिर करत झोपलेला नातू, आणि शेजारी आबा, आता ऐंशीचे. आज्जी जाऊन बरीच वर्षं झाली. मागे फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, पाण्याच्या घागरी. औशाच्या बाजूच्या गावांत रात्रभर चुली पेटल्या होत्या.

आदल्या वर्षी, 1992 मध्ये, इथे जमीन हादरत होती. लोक घाबरले होते, कित्येक रात्री उघड्यावर झोपले होते, अर्जविनंत्या केल्या होत्या. ती काळजी खरी होती. पहिलं काम त्यांना दिसलं होतं. ते ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी पुरेसं ऐकलं नाही. पुढे भूकंपाला टिकतील अशी घरं बांधून गावं दुसरीकडे वसवली जातील. तीही माणसांनीच करायची गोष्ट आहे, आणि ती करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे. भिंत कशी बांधावी हे शिकवणारा तरी दुसरा कोण आहे?

पण हे शहाणपण आत्ता इथे कुणाला सांगायचं नाही. आबा एका माणसाच्या हातात भाकरी ठेवतात. तो घेत नाही. त्याच्या बोटांना अजून माती आहे, नखं गेलेली आहेत.

“आबा,” तो माळेकडे बघत म्हणतो, “गणपती बोळवून आलो होतो की हो आम्ही. काय चुकलं होतं?”

तुम्ही श्वास धरून उभे आहात. जन्मभर वाऱ्या केलेला माणूस आता काय बोलतो? कर्माचं सांगेल? त्याची करणी म्हणेल?

“तुमचं काय चुकलं न्हाई,” आबा म्हणतात. “मला न्हाई ठाऊक, बाबा. मला कायबी ठाऊक न्हाई.” आणि ते त्याच्या शेजारी ओल्या दगडांवर बसतात. भाकरीचा तुकडा मोडून आधी स्वतःच्या तोंडात घालतात, मग एक त्याच्या हातात देतात. खूप वेळानं तो खातो. आबा रडतायत. माळ गळ्यात तशीच आहे.

दिवेलागणीला टेम्पोच्या आडोशाला आबा हरिपाठ म्हणतात. आवाज फुटलेला आहे, मध्ये दोनदा तुटतो. तुम्हाला त्यांना विचारायचं असतं, आता काय दिसतंय, अजून दिसतंय का काही. विचारायची गरज पडत नाही. ते उठून घागरी चाळवतात, रिकाम्या एकीकडे, भरलेल्या एकीकडे, आणि तुम्हाला हाक मारतात.

“काय बघलालास? सास्तूरला भाकर पुरंना झालीय म्हणत्यात. पाणी तू बघ. ह्या घागरी भरून घे, झाकणं न्हाईत, वर फडकी बांध. पोरगा आन् मी औशाला जाऊन भाकरी गोळा करून येतो. उजाडायच्या आत निघायचं, चिखल हाय, टेम्पो ढकलावा लागंल.”